वरची कडी

१

“काकू, नाना तुमच्याकडे आलेत का?”

दार उघडलं तर समोर कल्पिता. अनवाणी, केस सुटलेले, हातात वडिलांचा चष्मा. मी चहा गाळता गाळता उठून आले होते. नाही म्हणून सांगितलं. तिने माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “आमचं दार नुसतं ओढलेलं होतं. वरची कडी काढलेली होती.”

मी तिच्यामागून समोरच्या फ्लॅटमध्ये गेले. टिटवाळ्याला चौथ्या मजल्यावर समोरासमोर माझे दोन फ्लॅट आहेत. एकात मी राहते, दुसरा सुट्टीवर येणाऱ्या लोकांना देते. नदी जवळ, पेशवेकाळापासूनचं देऊळ जवळ, आणि कुत्र्यामांजरांसकट राहायची मुभा. ही शेवटची गोष्ट माझ्या नवऱ्याची, हरिहरची. आमच्या कुत्र्याला घेऊन आम्ही कुठे जायला निघालो की प्रत्येक लॉजवाला हात जोडायचा. शेवटी वैतागून हरिहर म्हणाला, आपणच एक जागा काढू. काढली. मग आधी कुत्रा गेला आणि पाठोपाठ हरिहर. जागा चालू होती म्हणून मी ती चालू ठेवली. बंद करायलाही काहीतरी वाटावं लागतं, आणि मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

आठल्ये मंडळी आदल्या संध्याकाळी आली होती. नाना म्हणजे परशुराम आठल्ये, कल्याणच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. अलीकडे त्यांना घर आठवत नव्हतं, दिवस आठवत नव्हता, बायको वारलेली आठवत नव्हती. लग्न न केलेली मुलगी कल्पिता त्यांना कल्याणच्या जुन्या घरात सांभाळायची. मुलगा प्रशांत आणि सून रचना डोंबिवलीला. आणि एक ठिपक्यांची कुत्री, बुंदी. बुंदी शेजारी बसल्याशिवाय नाना घास घ्यायचे नाहीत, म्हणून तर माझी जागा शोधावी लागली होती. बुकिंग प्रशांतने केलं होतं. “कल्पिताला दोन दिवस झोप मिळू दे,” असं त्याने मला फोनवर सांगितलं होतं.

वरची कडी मीच त्यांना दाखवली होती. नानांचा एक खांदा आखडलेला होता आणि दुसरा हात थरथरायचा, दोन्ही हात खांद्याच्या वर जात नव्हते. कल्पिता तेव्हा हसून म्हणाली होती, “मग बेस्टच काकू. वरची लावली की झालं.”

आता ती त्याच दारापाशी उभी राहून कडीकडे बघत होती. “लावायचं काम माझं होतं. मी लावली का ते आठवत नाहीये.”

“आठवत नाही म्हणजे?” रचना आतून म्हणाली. ती नाकाला रुमाल लावून सोफ्यावर बसली होती. कुत्र्याच्या केसांनी तिला शिंका यायच्या, त्यावरची गोळी घेऊन झोपल्यामुळे डोळे अजून जड होते. “नानांचा हात तिथे पोचतच नाही. म्हणजे लावलीच नसणार ना.”

प्रशांत खिडकीपाशी उभा होता. आंघोळ झालेली, केस ओले, कपडे बदललेले. तो बहिणीकडे न बघता म्हणाला, “असू दे. माणसाकडून चूक होते.”

तेव्हा मला ते वाक्य मायेचं वाटलं.

२

सगळ्यांनी करायचं ते केलं. पोलिसांत कळवलं. पोलिसांनी फोटो घेतला. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरला. गेटवरच्या कॅमेऱ्यात काही असेल म्हणून बघायला गेलो, तर कॅमेरा नुसता शोभेचा निघाला, वायर कधीच कापलेली. वॉचमन सहदेव छातीठोकपणे सांगत होता की गेटमधून कोणी म्हणजे कोणी बाहेर गेलं नाही.

मी त्याला बाजूला घेतलं. नोकरीत असताना मी विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासायचे. माणूस खरंच गेला का, कसा गेला, आणि घरचे सांगतात त्यात काय गाळलं आहे, हे बघायचं काम. त्या कामाने एक खोड लावली. कोणी फार ठासून बोललं की मी त्याच्या बुटांकडे बघते, तो कुठे जाऊन आला ते कळायला.

“सहदेव, सकाळी गेटवर होतास ना तू?”

“होतो ना मॅडम. कुठं जाणार?”

“मग डेअरीच्या पिशव्या वर कोणी पोचवल्या? रोज तूच आणतोस.”

तो डोकं खाजवत राहिला. “आता एवढ्यासाठी गेट सोडलं म्हणू नका मॅडम. दुधाला गेलो, तासाभरात आलो. सेक्रेटरीला नका सांगू.”

म्हणजे उजाडताना गेटवर कोणी नव्हतं. कोणीही जाऊ शकलं असतं, आणि येऊही शकलं असतं. येण्याचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

दुपारपर्यंत एक रिक्षावाला म्हणाला की पांढऱ्या लेंग्यातला एक म्हातारा त्याने स्टेशनकडे जाताना बघितला. झालं. सगळ्यांचं ठरलं की नाना जुन्या सवयीने कल्याणला शाळेकडे गेले असणार. कल्पिता तशीच निघाली. प्रशांतही तिच्याबरोबर गेला. दोघं कल्याणच्या बाजारात, शाळेपाशी, एसटी स्टँडवर फोटो दाखवत फिरली आणि संध्याकाळी परत आली. कल्पिताच्या टाचेला फोड आले होते. प्रशांत दिवसभर तिची पाण्याची बाटली धरून मागे मागे चालला होता. नदीचं नाव कोणी काढलं नाही.

ती दोघं कल्याणला गेलेली असताना मी फ्लॅट आवरायला गेले. दाराआड एक खुंटी आहे, तिच्यावर पिवळा टॉवेल. हरिहरचा नियम होता की कुत्रं बाहेरून आलं की पाय पुसल्याशिवाय आत घ्यायचं नाही. नियम दाराच्या मागे लिहून ठेवलेला आहे, आणि बहुतेक पाहुणे तो वाचून सोडून देतात. पाहुणे यायच्या दिवशी मी धुतलेला टॉवेल लावते.

टॉवेल ओलसर होता. त्याच्यावर काळपट चिखल वाळत आला होता आणि त्यात हिरव्या पानाचा एक तुकडा. आमच्या रस्त्यावर लाल माती आहे. असा काळा गाळ एकाच ठिकाणी मिळतो, काळू नदीच्या काठाला.

संध्याकाळी मी कल्पिताला सहज विचारलं, “काल आल्यावर बुंदीला फिरवून आणलंत का कुठे?”

“नाही हो काकू. गाडीतून उतरली ती डायरेक्ट वर. आज सकाळी नेणार होते, तर हे असं.” तिने बुंदीच्या डोक्यावर हात ठेवला. “सकाळी मी उठले तेव्हा ती दाराशीच बसलेली.”

३

दावा तपासताना पहिली गोष्ट सापडली की ती कोणाला सांगायची नसते. रात्री अंथरुणावर पडून जुळवाजुळव केली.

कडी लावायची राहिली आणि नाना बुंदीला घेऊन बाहेर गेले असं धरू. मग बुंदी एकटी परत आली असेल. पण चौथा मजला चढून आलेली कुत्री स्वतःचे पाय टॉवेलला पुसून तो खुंटीवर लावत नाही. म्हणजे कोणीतरी माणूस बुंदीला नदीवर घेऊन गेला, परत आला, नियमाप्रमाणे तिचे पाय पुसले आणि सगळे उठायच्या आत जागेवर गेला. घरात नाना सोडले तर माणसं तीन.

दुसऱ्या दिवशी रचनाशी बोलले. हौसाबाई, माझ्याकडे पाहुण्यांचा स्वयंपाक करणाऱ्या, त्यांनी नाश्त्याला शिरा केला होता. रचना एकटीच खात होती. मला बघून ती ओशाळली.

“मला भूक लागते हो,” ती म्हणाली. “तुम्हाला वाटेल काय बाई आहे. पण लागते. सगळे माझ्याकडेच बघणारेत, मला माहितीय. नानांसाठी मीच एका वृद्धाश्रमात चौकशी केलेली. कल्पिताने दोन महिने बोलणं टाकलं.”

“का केलीत चौकशी?”

“तिच्यासाठीच. ती अडतीस वर्षांची आहे आणि पन्नाशीची दिसते. प्रशांतलाही तेच वाटतं, पण त्याला तोंड नाही. ऑडिटमध्ये आहे ना. दुसऱ्यांच्या चुका काढतो, स्वतः काही ठरवत नाही.” ती शिंकली. “आणि ते कुत्रं. मी तिला हातही लावत नाही, माझे डोळे सुजतात. तरी आले ना मी? तिच्यासाठीच आले.”

तिचे डोळे खरोखर सुजलेले होते. रडून की केसांमुळे, ते कळायला मार्ग नव्हता. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. मी नुसतं टिपून घेतलं की ही बाई बुंदीचे पाय पुसणार नाही.

राहिली दोन भावंडं.

कल्पिता देवळातून आली ती दूर्वा आणि मोदक घेऊन. रोज सकाळ-संध्याकाळ जायचं तिने ठरवलं होतं. माझ्या हातावर मोदकाचा तुकडा ठेवून ती माझ्या स्वयंपाकघरात खाली फरशीवरच बसली.

“काकू, तुम्ही डेथ क्लेम बघायचात ना?”

“हो.”

“कोणाच्या हातून असं झालेलं बघितलंय का तुम्ही? म्हणजे मुद्दाम नाही. नुसतं विसरून. गॅस बंद करायचा विसरला, कडी लावायची विसरली.”

“बघितलंय.”

“ती लोकं पुढे काय करतात?”

ती मला सल्ला विचारत नव्हती. तिला खरोखर माहिती हवी होती, पुढे कसं जगायचं असतं याची. नाना सापडले तर ठीक. नाही सापडले तर ही मुलगी उरलेलं आयुष्य त्या कडीपाशीच उभी राहणार, हे मला स्वच्छ दिसलं. “मी लावल्यासारखी वाटते,” ती म्हणाली, “स्टुलावर चढून. पण ते घरचंही असेल, रोजचं. डोक्यात सगळं एक झालंय.”

“भाऊ काय म्हणतो?”

“दादा खूप चांगला वागतोय. एकदाही बोलला नाही मला. उलट म्हणतो, विसर.”

४

तिसऱ्या दिवशी गुंता सुटायला सुरुवात झाली ती हौसाबाईंच्या कुरकुरीने.

“बाय, माझ्या डाळीत काय खोट हाय का?” त्या भांडी आपटत म्हणाल्या. “त्या सायबानं पयल्या दिवशी रातच्याला दोनदा डाळ मागून खाल्ली. लसणाची फोडणी लय झाक म्हणला. आन आता म्हणतो फोडणी नको. भाजीलाबी नको. नुसतं उकडून द्या. शिरा केला तं हात नाय लावला.”

“पित्त झालं असेल.”

“त्योबी तेच म्हणला. पित्त व्हतं तं मग खाली कशाला झोपतो? पलंगावरची गादी तशीच. चटई टाकून निजतो, मी केर काढायला गेली तं गुंडाळून ठेवलेली.”

मी हातातलं काम ठेवलं. प्रशांत आठल्ये हा नियम पाळणारा माणूस आहे हे मी पहिल्या संध्याकाळीच पाहिलं होतं. दाराआडचे नियम त्याने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले. ओला कचरा कुठला, सुका कुठला, विचारून घेतलं. चपला एका रेषेत ठेवल्या. मग पूर्व कुठे ते विचारून, पाकिटातला छोटा गणपती काढून त्याच्यापुढे दिवा लावला, आणि वाती माझ्याकडून मागून नेल्या. त्यानंतर वाती मागायला तो आला नव्हता.

मला वाटलं, नवस. वडील सापडावेत म्हणून माणसं अलोणी खातात, जमिनीवर झोपतात, दाढी वाढवतात. प्रशांतची दाढीही वाढली होती. बिचारा कोणाला न सांगता काहीतरी धरून बसला आहे, असं मनात आलं आणि तेवढ्यावर मी जवळजवळ थांबले होते.

संध्याकाळी भाजी घेऊन येताना देवळावरून आले. कल्पिता आत रांगेत होती. प्रशांत बाहेर, अगदी पायऱ्यांच्याही अलीकडे, बुंदीचा पट्टा धरून उभा. मला बघून म्हणाला, “हिला आत नेता येत नाही ना. कोणीतरी थांबायला हवं.”

“काल रचना होती की बरोबर. ती थांबली असती.”

“तिला कुत्र्याचा त्रास होतो.”

बरोबरच होतं ते. त्याची प्रत्येक गोष्ट बरोबरच होती. एक मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला प्रसाद वाटत होत्या. त्यांनी त्याच्यापुढे हात केला तेव्हा त्याने दोन्ही हात मागे घेतले आणि चुळबुळत पुटपुटला, “नको, मला चालत नाही.”

मी घरी येऊन भाजी तशीच ओट्यावर ठेवली. हरिहर गेला तेव्हाचे दिवस आठवले. तेव्हाही मला काही वाटत नव्हतं, पण हात सगळं नेमाने करत होते. फोडणी नाही, गोड नाही, गादी नाही, देवापुढे दिवा नाही, देवळाची पायरी नाही. कोणी शेजारीण प्रसाद घेऊन आली तर तिला हेच सांगितलं होतं, मला चालत नाही.

नवस केलेला माणूस देवाच्या पायरीवर डोकं टेकतो. देवाला शिवायचंच नाही असा नवस नसतो. देवापासून लांब राहायचं, दिवा लावायचा नाही आणि वर गादीही सोडायची, हे एकाच गोष्टीत होतं. सुतकात.

आणि सूतक घरातल्या सगळ्यांना एकदमच लागतं. इथे सून शिरा खात होती, मुलगी गाभाऱ्यात जाऊन मोदक वाटत होती. सूतक पाळत होता तो एकटाच. कारण माणूस गेला आहे हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावंडांबरोबर देवळात निघाले. जाताना कल्पिता भराभर पुढे गेली. तिने चपला काढल्या आणि आत शिरली. मी प्रशांतच्या हातातला बुंदीचा पट्टा घेतला.

“मी धरते हिला. तुम्ही जा आत. बहिणीबरोबर उभे राहा.”

त्याचे हात मोकळे झाले आणि त्या मोकळ्या हातांचं काय करावं हे त्याला कळेना. ऊन पडलं होतं, फुलवाले पाणी शिंपडत होते. तो पायरीकडे बघत उभा राहिला.

“जा ना. वडिलांसाठी एवढं मागून या.”

“मी नंतर जाईन, नीलाताई.”

“नंतर म्हणजे दहा दिवस झाल्यावर?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. दावे तपासताना हा क्षण मी खूपदा पाहिला आहे. लोकांना वाटतं, माणूस घाबरतो. बहुतेक वेळा तो हलका होतो.

“तुम्ही नियम मोडत नाही,” मी म्हणाले. “बुंदीचे पाय पुसलेत. टॉवेल खुंटीवर लावलात. आंघोळ केलीत. कोणाला काही सांगितलं नाहीत, पण सूतक मात्र धरलंत. नाना नदीत आहेत ना?”

देवळाबाहेर चहाच्या टपरीपाशी एक बाकडं आहे. तिथे आम्ही बसलो. तो बोलत होता तेव्हा त्याचा आवाज हिशेब वाचून दाखवावा तसा होता.

“ते पहाटेच उठले. दार हलवत होते. कल्पिता उठेल म्हणून मी म्हटलं, चला नाना, फिरून येऊ. बुंदीला घेतलं. कडी मी काढली. घाटावर गेलो. त्यांना पाय धुवायचे होते. खालच्या पायरीला शेवाळ होतं. मी एक पायरी वर होतो.”

“हात सुटला?”

“हात धरलाच नव्हता. ते सरकले. तिथे जलपर्णी आहे, ती बाजूला झाली आणि परत मिटली. पाणी खोल नसावं. मला पोहता येतं. पलीकडे दोन माणसं जाळं धुवत होती, मी ओरडलो असतो तर आली असती.” तो थांबला. “मी उभा राहिलो. माझ्या डोक्यात एकच आलं, ती सुटेल. कल्पिता. बस, एवढंच. मग फार उशीर झाला.”

बुंदी त्याच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली होती. त्याने तिला दूर केलं नाही.

“आणि घरी येऊन कडी उघडीच ठेवलीत.”

“दार ओढून घेतलं. कडी लावली असती तर...” त्याला पुढे बोलायची गरज नव्हती. कडी लावली असती तर नाना आतून गेलेच कसे, हा प्रश्न आला असता. “मला वाटलं, लवकर सापडतील. अपघात म्हणतील. मग सगळं रीतसर करू. ती असं काही म्हणेल हे डोक्यातच नव्हतं. आणि तिने म्हटल्यावर मग...”

“मग तुम्ही म्हणालात, माणसाकडून चूक होते.”

त्याने मान खाली घातली. मला राग आला. किती तरी काळाने काहीतरी आलं, आणि ते राग होता. ह्या माणसाला सुतकात लसणाचा वासही चालत नव्हता, आणि बहीण टाचा फोडून कल्याणभर फिरत होती ते त्याला चाललं.

“नीलाताई, तिला सांगू नका. पोलिसांना मी सांगतो, आत्ता जातो. तिला नका सांगू. नाना अपघाताने गेले एवढं कळू दे तिला.”

“आणि कडी?”

कल्पिता पायऱ्या उतरत होती.

६

तिच्या हातात केळीच्या पानावर मोदक होते. भावाचा चेहरा बघून ती थांबली. “फोन आला का?”

“बस,” मी म्हणाले. “दादाला काहीतरी सांगायचंय.”

तो सांगणार नाही असं मला वाटलं होतं. पण त्याने सांगितलं, सगळं, मला सांगितलं होतं त्याच क्रमाने. ती बाकड्यावर बसली नाही. पान दोन्ही हातांत धरून उभी राहिली. शेजारी टपरीवाला कप विसळत होता, तो विसळतच राहिला.

“वरची कडी तू काढलीस?” ती म्हणाली.

“हो.”

“म्हणजे मी लावली होती.”

“लावली होतीस.”

तिने मान हलवली. माझी अपेक्षा होती की आता ती सुटल्यासारखी होईल, किंवा त्याच्या थोबाडीत देईल, किंवा निदान खाली बसेल. तिने पान माझ्याकडे दिलं आणि हात ओढणीला पुसले.

“लगेच गेले?”

“लगेच नाही.”

“काही बोलले?”

प्रशांतने माझ्याकडे पाहिलं. हे त्याने मला सांगितलं नव्हतं. मी त्याला वाचवायला काही केलं नाही.

“मला नाही बोलले काही,” तो म्हणाला. “मी समोरच होतो, पण त्यांनी तुला हाक मारली. कल्पे, म्हणाले. दोनदा.”

रांगेतल्या कोणीतरी घंटा वाजवली. कल्पिताने वाकून बुंदीचा पट्टा माझ्या हातातून घेतला.

“मला झोप मिळावी म्हणून आणलंस ना इथे,” ती भावाला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. “दमले होते रे मी. खूप दमले होते. पण मी ओ दिली असती.”

ती नदीच्या वाटेला लागली. प्रशांत बाकड्यावरून उठला, फोन काढला आणि पोलिसांचा नंबर लावला. मी मोदकांचं पान टपरीवर ठेवलं आणि तिला एकटीला जाऊ द्यायचं नाही म्हणून भराभर तिच्या मागून निघाले. ती अनवाणीच चालली होती.